ओस कॅम्पातला सलाम

बंद घर उघडलं आणि तापलेल्या पत्र्याचा वास आला की माझ्या तोंडून सलाम निघतो, आणि मग मी कान देऊन ऐकत राहतो. रिकाम्या घरात शिरतानाही सलाम करायचा, हे आम्हा कोकणी मुसलमानांना लहानपणीच शिकवतात.

साठच्या दशकात मी कुवेतला नवा होतो. माझे मामू तिथे लॉरी चालवायचे. वाळवंटात तेल शोधणाऱ्यांचा एक कॅम्प ओस पडला होता. तिथे जिन राहतात, असं सगळे सांगायचे. आमच्या खोलीच्या छपराला पत्रे हवे होते, म्हणून भर दुपारी आम्ही दोघं तिथे गेलो. उन्हानं पत्रे तडतडत होते, कुठलंसं दार सारखं आपटत होतं. माझे पाय उंबऱ्यातच अडले.

"घाबरतोस काय? सलाम कर नि शिर आत," मामू म्हणाले.

मी केला.

आतल्या अंधारातून घोगरा, संथ जबाब आला, "वालेकुम सलाम."

आम्ही जे पळालो ते लॉरीतच. मामू रस्ताभर आयतुल कुर्सी, संकटात म्हणायची कुराणातली आयत, पुटपुटत होते.

पुढे कितीतरी वर्षं मी ही जिनाची गोष्ट रंगवून सांगितली. त्या काळी चोरून आलेल्यांना लाँचवाले किनाऱ्यावर सोडून जायचे आणि ती माणसं वाळवंट तुडवत शहर गाठायची, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तो घोगरा आवाज तहानेचा असेल, हे सुचायला म्हातारपण यावं लागलं.

लॉरीत पाण्याचा कॅन काठोकाठ भरलेला होता.