काचेवरचा मुखरू

डोमा पेंटरचं अक्षर नागभीडात कोणीही ओळखायचं. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, सगळं त्याच्याच हातचं. मग फ्लेक्स आला आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून कडक झाले. दोन वर्षं माणूस घरात बसून बायकोवर खेकसत राहिला. शेवटी दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तो नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणि घरगुती इंकजेट प्रिंटर घेऊन आला.

प्रिंटरला वर झाकण होतं, झाकणाखाली काच. काचेवर फोटो ठेवला की खालून दिवा सरकत जायचा आणि त्याची नक्कल कॉम्प्युटरात उतरायची. ती उलटी करून खास कागदावर छापायची, कागद कापडावर पालथा टाकून इस्त्री दाबायची, मग कागद सोलायचा. चित्र कापडावर सुलटं बसायचं. कबड्डी मंडळांचे बनियन, लग्नाच्या पिशव्या, वाढदिवसाचे टीशर्ट. डोमाचं बरं चाललं. पन्नाशीला टेकलेला माणूस पुन्हा रुबाबात बोलू लागला. "कॉम्प्युटरमंदी गेलेलं काई मरत नाई," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पाठोपाठ दुसरा पाठ: दोन दिवस पाणी लावायचं नाही, मग उलटं करून थंड पाण्यात धुवायचं. हा पाठ द्यायला तो कधी कोणाला चुकला नव्हता. रंभाला तेवढा द्यायचा राहिला.

रंभा तळ्याकाठच्या गावची. तिचा नवरा मुखरू दिवाळीनंतर जाळं काढायला म्हणून तळ्यात उतरला आणि तिसऱ्या दिवशी वर आला. गावकऱ्यांनी तिला त्याचं तोंड पाहू दिलं नाही. अंगावरच्या शर्टाच्या खिशात मासेमारी सोसायटीचं ओळखपत्र निघालं, त्यावर चिकटवलेला बोटभर फोटो. तेवढाच एक. त्यांच्या लग्नात फोटोवाला आला नव्हता.

"भाऊ, तळ्यानं तोंड नेलं त्याचं," ती दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली. "माही आचल दीड वर्साची हाये. तिले बाप कोन होता ते दाखवाले पायजे. उद्या दहावं हाये, पाटावर मांडाले कापड करून द्या."

ओळखपत्र प्लास्टिकच्या पाकिटात होतं आणि आतली ओल आठवडाभरात गेली नव्हती. फोटो फुगून पत्रावरून सुटला होता. असला फोटो दोन दिवस सावलीत वाळवावा, हे डोमाला कळत होतं. पण दहावं उद्यावर, आणि सकाळी अकरा वाजता लोडशेडिंग. त्याने फोटो काचेवर पालथा ठेवला. फुगीर होता म्हणून झाकण तळव्याने दाबून धरलं. पडद्यावर मुखरू उमटला: गालफडं वर आलेला, एका बाजूला भांग, हसू आवरून बसलेला. डोमाने लगेच छापायला लावला. कागद बाहेर पडला आणि वीज गेली. कॉम्प्युटर फटकन बंद झाला. नक्कल साठवायची राहून गेली होती.

कोळशाची इस्त्री दुकानात असायचीच. पांढऱ्या कापडावर त्याने जीव लावून कागद दाबला, पण ती इस्त्री सगळीकडे सारखी तापत नाही. कडेला कागद जरा ओढतच निघाला. चेहरा मात्र छान उतरला. रंभाने गालावरून बोट फिरवलं आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात डोमाने झाकण उघडलं. ओला फोटो काचेला चिकटला होता. उचलला तर नुसता पांढरा कागद हातात आला. मुखरूचं तोंड काचेवरच राहिलं. डोमाने तो कागद गुपचूप पाकिटात उलटा सरकवला आणि तिच्या हाती दिला. रडत्या बाईला धुण्याचा पाठ काय म्हणायचा, पाटावरचं कापड कोण धुतंय, असं मनाशी म्हणून त्याने तो पाठ टाळला.

दुपारी वीज आली. कबड्डी मंडळाचे बनियन खोळंबले होते, त्यांचं चिन्ह काचेवर ठेवायचं होतं. काचेवरून मुखरू वर बघत होता. तशीच त्याची नक्कल घेता आली असती, दोन मिनिटांचं काम. पण डोमाला ते तोंड नजरेसमोर नको होतं. कापडावर आहे की, म्हणत त्याने स्पिरिट ओतलं आणि ब्लेडने काच खरवडून लख्ख केली. इतका निर्दयी हा माणूस नव्हता. भ्यालेला होता.

चौथ्या दिवशी रंभा आली. वीज नव्हती. तिने पदराखालचं कापड उलगडलं. मध्यभागी निळा-तांबूस डाग होता आणि त्याच्या कडेला एक कान.

"काऊन झालं असं?" डोमाने विचारलं.

"आमच्यात नवं जाळं आलं का पयले तळ्यात बुडवतेत, मंग वापरतेत. तो पान्यात गेला, म्हून सासरा म्हने, हे बी बुडवा, मंग मांडा. मीच बुडवलं, भाऊ. हातातल्या हातात गेला." तिने कापडाची घडी केली. "तुमच्या कॉम्प्युटरमंदी हाये ना? दुसरं करून द्या."

डोमा खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं. वीज गेली ते, फोटो चिकटला ते, स्पिरिट, ब्लेड. "पानी लावू नोको, हे बी म्या सांगतलं नाई," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पाकिटातून तो कोरा कागद काढला, पाहिला, परत ठेवला. मग उठून आत आली. "कुठी होता?"

डोमाने झाकण उघडलं. तिने काचेवर हात ठेवला.

"इथीच?"

"हो बाई."

"थोडाबी नाई ठेवला?"

काचेवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने वीज आली, प्रिंटर आपोआप घरघरला आणि काचेखालचा दिवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिच्या तळहाताखालून सरकत गेला. तिने हात काढला नाही.