पिल्लं जगली तर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंची आणि माझी ओळख झाली ती आमचं छत गळायला लागलं म्हणून. मी तावातावाने जिना चढून गेले. हातात ओला टॉवेल घेतलेल्या बाईंनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आमचंच पाणी आहे. खारं आहे, तुमच्या भिंतीचा रंग सोडवेल. मी देते लावून." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात शिवणकामाला होत्या. जुन्या कोटांना नवं अस्तर लावावं तर त्यांनीच, म्हणून दुकानात सगळे त्यांना अस्तरबाई म्हणत. मीही तेच म्हणू लागले. त्यांचे यजमान फ्रिज दुरुस्त करायचे. भारी बोलका माणूस. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरशीही गप्पा मारायचे, म्हणे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याच दिवशी वाचाही गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, 'बं'. तहान लागली तरी बं, दुखलं तरी बं आणि राग आला तरी बंच.

बाहेरच्या खोलीत यजमानांनी स्वतः बसवलेली खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिच्यात क्लाउन माशांची जोडी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. ही जोडी कधी अंडी घालते याची ते झटक्याच्या आधीपासून वाट बघत होते. अस्तरबाईंना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पण आता त्यांची खुर्ची टाकीसमोर असायची आणि ते दिवसभर तिकडेच बघायचे, म्हणून बाई टाकी निगुतीने साफ ठेवायच्या.

अशाच एका सफाईत टाकीतल्या फरशीच्या तुकड्यावर त्यांना नारिंगी डाग दिसला. गंज असेल असं समजून त्यांनी तो ब्रशने खरवडून काढला. मागे यजमान डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवू लागले. बाई वळून बघतात तर त्यांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. काय झालं ते बाईंना कळेना. दुसऱ्या दिवशी शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेल्या, तेव्हा त्याने सांगितलं की ती अंडी होती.

त्या दिवशी घरी येता येता बाईंच्या मनाने एक गोष्ट घेतली. पिल्लं जगली तर हे बोलतील. याला ना शेंडा ना बुडखा, हे त्यांनाही कळत होतं. बोलायचा सराव करून घ्यायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, आणि ते महिने तर संपत आले होते. बुडणाऱ्याला काडीचा आधार, तसं झालं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही.

जोडीने पुन्हा अंडी घातली. मासेवाल्याने बाईंना सगळं समजावलं. अंड्यांत रुपेरी डोळे चमकू लागले की फरशी अलगद उचलायची, वेगळ्या छोट्या टाकीत हवेच्या बुडबुड्यांजवळ ठेवायची आणि अंधार करायचा. पिल्लांना कोरडं अन्न चालत नाही. त्यांना जिवंत खाणं लागतं, डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव. ते जीव हिरव्या पाण्यावर जगतात, म्हणजे आधी हिरवं पाणी पिकवायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली आणि घरभर कुबट वास सुटला.

नणंद आठवड्यातून एकदा भावाला अंघोळ घालायला यायची. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "वहिनी, माणूस सांभाळायचा सोडून तू किडे पाळायला लागलीस?" बाईंनी खिडकी उघडून दिली.

पहिली पिल्लं निघाली ती पापणीच्या केसांएवढी. दोन दिवसांत सगळी तळाशी. दुसऱ्या खेपेला बाटली साबणाने धुतली गेली, ते जिवंत खाणं मेलं आणि पिल्लं उपाशी गेली. तिसऱ्या खेपेला खाणं भरपूर होतं, तरी पिल्लं काचेवर डोकं आपटत राहायची आणि मरायची. बाईंनी दुकानात रजा टाकली. मालक म्हणाले, घरी काही अडचण आहे का? बाई म्हणाल्या, हो, आजारपण आहे. ते खोटंही नव्हतं.

चौथी पिल्लं निघाली त्या सकाळी यजमान बेचैन झाले. शिवणाच्या टोपलीकडे हात करून बं, बं चालू. बाईंनी आधी कात्री दिली, मग शाल दिली. त्यांनी दोन्ही फेकून दिलं. बाईंचा संयम सुटला. त्यांनी टोपलीच त्यांच्या मांडीवर उपडी केली. त्यातून यजमानांनी काळ्या अस्तराचा तुकडा उचलला आणि छोट्या टाकीच्या दिशेने धरला.

बाईंनी तो तुकडा काचेवर लावून पाहिला. यजमानांनी होकाराची मान हलवली. मग बाईंनी चारही बाजूंनी काळं अस्तर लावलं आणि वरून मंद उजेड ठेवला. काचेतून येणारा उजेड बंद झाला, तशी पिल्लं काचेपासून दूर झाली, मधोमध तरंगत खाऊ लागली.

बरीच मेली. पण जी राहिली त्यांच्या डोक्यामागे एक पांढरी रेघ उमटली आणि ती तळाजवळ खऱ्या माशासारखी पोहू लागली. मासेवाला स्वतः येऊन बघून गेला. म्हणाला, "जिंकलात, ताई. आता नाही मरत ही."

तो गेल्यावर बाईंनी दार लावलं, यजमानांची खुर्ची छोट्या टाकीजवळ ओढली, पुढचं अस्तर काढलं आणि समोर बसल्या.

"बघितलीत?" त्या म्हणाल्या. "आता बोला."

यजमानांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. "बं," ते म्हणाले. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा बं.

"एक शब्द, अहो. कुठलाही. मला शिवी द्या हवी तर."

ते प्रयत्न करत राहिले आणि बाई सांगत राहिल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "मी माझं केलं. तुम्ही तुमचं करत नाही." म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. यजमान मान खाली घालून बसले होते. बाई तशाच अनवाणी बाहेर पडल्या. मी भाजी घेऊन वर येत होते, तर या आमच्या दारापाशी पायरीवर बसलेल्या. मी आत घेतलं, पाणी दिलं. तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं, अगदी पहिल्या डागापासून. रडल्या नाहीत. फक्त सारखं म्हणत होत्या, "मी त्यांना काय बोलले हो."

पुढे मासेवाला ती पिल्लं घेऊन गेला. एकाचा कल्ला वाकडा होता, ते त्याने नेलं नाही. ते त्यांच्याकडेच राहिलं. सराव घेणाऱ्या ताईंचं येणंही थांबलं. पुढच्या अंड्यांच्या वेळी बाईंनी फरशी उचलली नाही. पिल्लं मोठ्या टाकीतच निघाली आणि त्यांच्या आईबापांनीच ती गिळली. यजमान बघत होते. त्यांनी खुर्ची बडवली नाही. पण त्याच्या पुढच्या वेळी अंड्यांत डोळे चमकू लागताच त्यांनी बाईंची ओढणी धरून ठेवली, ती सोडेनात. बाई म्हणाल्या, "मला झेपत नाही आता." तरी सोडेनात. मग बाईंनी बाह्या सावरल्या.

आता वर्ष उलटलं. दोघं मिळून पिल्लं वाढवतात, निम्मीअधिक मरतात. ते काही बोलत नाहीत. मी एकदा बाईंना विचारलं, अजून वाट बघता का?

"सकाळी जाग आल्यावर बघते थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "मग उठते."