अष्टमीच्या लोर्नाबाई

रोज सकाळी सातच्या सुमारास लोर्नाबाई वही घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ताई, आज एक शब्द द्या." मी 'उंबरठा' म्हटलं की उंबरठ्यावर उभ्या राहूनच तो लिहायच्या. शब्द एकच घ्यायच्या. मी उत्साहाने आणखी एखादा देऊ केला तर हात जोडायच्या. म्हणायच्या, "दोन दिले की दोन्ही पळतात."

त्या फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावरच्या. तिथे तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, साठीच्या बाई. रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावातल्या छोट्या चर्चला मुलांना शिकवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्या दोन वर्षांसाठी बिनपगारी आल्या आणि चर्चसमोरच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत राहिल्या. मी पेणच्या शाळेत मराठी शिकवून नुकतीच घरी बसले होते. दोन रिकाम्या शिक्षिका एका घरात आल्यावर व्हायचं तेच झालं. आम्ही एकमेकींना शिकवू लागलो.

दुपारी चार ते सहा चर्चच्या पत्र्याच्या सभागृहात त्यांचा वर्ग भरे. मुलं बहुतेक कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांची, सगळ्या धर्मांची. हिराबाई म्हणून एक आजी होत्या. त्यांचा जन्म पेणकडच्या मिठागरांवर गेला होता, आता लेकीकडे राहत. नातीला वर्गात बसवण्याआधी त्यांनी सरळ विचारलं, "बाय, तुमी देवाचा शिकवता का?"

लोर्नाबाई म्हणाल्या, "देव रविवारी. आज भागाकार."

त्या दिवसापासून हिराबाई नातीला रोज आणून सोडत आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून राहत.

मुलांकडून बाई 'नाय' आणि 'हाय' शिकल्या, माझ्याकडून 'आपण' आणि 'आभारी'. पुलापलीकडे रोह्याच्या बाजारात गेलो की भाजीवालीला त्या म्हणायच्या, "मी आपली आभारी हाय." भाजीवाली खूश व्हायची. मी मात्र तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. पस्तीस वर्षांची खोड. पानात आमटी वाढतानासुद्धा मी त्यांचं क्रियापद सुधारायचे, आणि त्या निमूटपणे वाक्य पुन्हा म्हणायच्या.

त्यांची शहाऐंशी वर्षांची आई गावी भावाकडे होती. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. आज काय जेवलीस, असं आई विचारायची. बाई भाकरी म्हणायच्या, आणि भाकरी म्हणजे काय हे आईला रोज नव्याने समजावून सांगायच्या.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या बेटावर वादळ आलं. सोमवारी भावाने कसंबसं सांगितलं की छप्पर गेलंय, आईला शाळेच्या इमारतीत हलवतोय. तेवढ्यात लाइन तुटली. मग काहीच नाही. पेणचा माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरीला आहे, त्याला मी फोन केला. त्याने फिलिपिनो सहकाऱ्यांकडे चौकशी करून सांगितलं की टॉवर पडलेत, बोटी बंद आहेत, विमानाने गेल्या तरी पुढे बेटावर पोचता येणार नाही. मी शिरा केला, त्यांनी तो खाल्ला नाही. मी बातम्या लावल्या, बंद केल्या, आणखी कुणाकुणाला विचारता येईल याची नावं घेत राहिले. बुधवारी त्या म्हणाल्या, "ताई, उपाय नको. नुसत्या बसा."

मी बसले. थोड्या वेळाने हिराबाई आल्या, त्याही बसल्या. "आमचा मिठागर उधाणात गेला तवा आमीबी अशेच बसलो व्हतो," एवढंच त्या बोलल्या.

वर्ग त्यांनी एक दिवसही बंद ठेवला नाही. सभागृहात पत्र्याखाली रेंज मिळत नसे, आमच्या स्वयंपाकघरात मिळे. म्हणून त्या फोन माझ्याकडे ठेवून जायच्या. गुरुवारी जाताना म्हणाल्या, "ताई, फोन वाजला तर घ्या, या."

मी म्हणाले, "'घेऊन या' म्हणायचं."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "घेऊन या."

साडेचारला फोन वाजला. नंबर लांबलचक, अनोळखी. मी तो उचलला नाही. सांगितल्याप्रमाणे घेऊन धावले, चप्पलही घातली नाही. अंगण, रस्ता, चर्चचं फाटक. सभागृहाच्या पायरीवर पोचले आणि हातातला फोन गप्प झाला. बाई मुलांना तसंच सोडून बाहेर आल्या. रस्त्यात उभ्या राहून त्यांनी तो नंबर किती वेळा लावला असेल! पलीकडे साधी रिंगसुद्धा गेली नाही. 'घ्या' म्हणजे उचला, आणि 'या' म्हणजे मला बोलवायला या, हे मला तेव्हा तिथे उभ्या उभ्या कळलं.

शनिवारी सकाळी भावाचा फोन लागला. बोलणं झाल्यावर बाई जिना उतरून खाली आल्या. आई गेली होती, दफनही झालं होतं. दोन रात्री मला छळणारा प्रश्न मी त्यांना तशा वेळीही विचारला. "गुरुवारी फोन आला, तेव्हा आई होती का हो?"

"नाय, ताई," त्या म्हणाल्या. "आई बुधवारीच गेली. भाऊ तेच सांगायला फोन करत होता."

मी रडले. सांगायला लाज वाटते, पण त्या रडण्यात सुटका होती. आई त्यांची गेली होती आणि पाठीवर हात त्या माझ्या फिरवत होत्या.

मार्चमध्ये त्यांची मुदत संपली. रोहा स्टेशनवर हिराबाईंनी सुकटीचं पुडकं त्यांच्या पिशवीत कोंबलं आणि परत ये गो बाय, म्हणून सांगितलं. बाई हो म्हणाल्या.

गेल्या महिन्यात त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवले. घराचं नवं छप्पर, भाऊ, त्याची बोट. त्यांतच एक दफनभूमीचा होता. पांढरा दगड, त्यावर आईचं नाव आणि दोन तारखा. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. दुसरी तारीख शुक्रवारची होती. त्या आठवड्यातला एकही दिवस माझ्या हिशोबात चुकणं शक्य नव्हतं. गुरुवारी मी तो वाजणारा फोन हातात धरून रस्ता ओलांडत होते, तेव्हा आई जिवंत होती.

छप्पर छान झालंय, असं मी त्यांना कळवलं. तारखेचं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं.