परेडला होतो

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. त्या हिवाळ्यात तर साऱ्या साताऱ्यालाच माझी लागण झाली होती. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडमध्ये आपल्या राज्याचा चित्ररथ घेतला नाही, म्हणून टीव्हीवर रोज कचाकचा भांडणं. एक म्हणे मुद्दाम डावललं, दुसरा म्हणे तुम्हीच आराखडा उशिरा पाठवला. आमच्या चौकातले निवृत्त फौजी चहा गार होईपर्यंत त्यावर वाद घालायचे. मला दोन्ही बाजूंचं काही खरं वाटत नव्हतं.

एरवी मी सरळ चॅनल बदललं असतं. पण माझी लेक त्याच परेडच्या सरावाला दिल्लीत होती. कॉलेजच्या छात्रसेनेतून तिची निवड झालेली, आणि कडेगावाकडं आमच्या गावात तिचा फ्लेक्ससुद्धा लागलेला. त्यावर तिच्याशेजारी माझ्या सासऱ्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत, आजोबा आणि नात दोघंही दिल्लीच्या परेडमध्ये. सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खूश व्हायचं सोडून ते म्हणाले, उतरवा तो. मला जरा खटकलं, पण म्हातारं माणूस लाजतंय म्हणून सोडून दिलं.

मग एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. रडत होती. तिला रिझर्व्हमध्ये टाकलं होतं. म्हणजे थंडीत पहाटे उठून सराव सगळ्यांबरोबर करायचा, पण परेडमध्ये चालायचं ते कुणी आजारी पडलं तरच. मी सामान घेऊन घरी येते, म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. नक्की कुणाच्या तरी वशिल्याची पोर आत घुसली असणार. आधी चित्ररथ, आता आमची पोर, कुठंतरी पाणी मुरतंय. शेजारच्या वहिनी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या पेपरात द्या, सध्या हाच विषय गरम आहे. मलाही ते पटलं. लेकीला म्हटलं, तू ये, मी बघते एकेकाला.

तेवढ्यात सासरे पलंगावरून उठले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"पोरी, मी बी रिझर्व्हच हुतो."

वहिनींच्या समोर म्हणाले. ते ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. इतकी वर्षं सासरे 'दिल्लीच्या परेडला होतो' एवढंच म्हणायचे. 'परेडमध्ये चाललो' असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. बाकीचं आम्हीच धरून चाललो होतो, आणि एवढी मी संशयी, पण माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

सासूबाई भडकल्या. मग तेव्हा गावभर पेढे कशाला वाटले, असं विचारू लागल्या. ते म्हणाले, पेढे तुझ्या बापानं वाटले, मला कुणी विचारलं का?

फोन स्पीकरवर चालूच होता. लेक सगळं ऐकत होती. परेडच्या दिवशी तुम्ही काय केलं, असं तिनं त्यांना विचारलं.

"माझ्या जागी जो चालणार हुता, त्याचे बूट चमकवून दिले. त्यांना घिऊन गाड्या गेल्या, आन् मी बराकीत बसून रडलो."

"मग आधीच घरी का नाही आलात, आबा?"

"आन् तो आजारी पडला आसता तर?"

लेक म्हणाली, आईला सांगा, परेड होईपर्यंत मला न्यायला स्टेशनवर येऊ नको.