कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

हातात लोखंडाचं ओतीव कास्टिंग आलं की ती आधी त्याच्या पोटाखालून अंगठा फिरवायची. कोकरू विकत घेताना चाचपतात ना, तसा. मग मान तिरकी करून म्हणायची, "ह्याला परत बघू."

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचे बिडाचे भाग ओतायचा कारखाना. मी तपासणीचा सुपरवायझर, आणि ती माझ्या हाताखालच्या चार बायकांची म्होरकी. माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरची. सगळे आक्का म्हणत. तुम्हीही अशी बाई कुठल्यातरी गेटवर पाहिली असेल: साडीवर ढगळ निळा शर्ट, डोक्याला रुमाल, आणि आवाज भट्टीच्या पंख्यावर मात करणारा.

ती चुकायची नाही असं नाही. चांगला माल उगाच बाजूला काढायची, गाडी खोळंबायची. मी ओरडलो की म्हणायची, "सायेब, एकदाच बघून लगीन केलंसा, वैनी चांगल्या म्हणून निभावलं. लोखंड न्हाई निभावत."

पुढे परदेशातल्या गिऱ्हाइकानं आग्रह धरला आणि एआयचा कॅमेरा आला. माल पट्ट्यावरून सरकतो, कॅमेरा चिरा आणि भोकं ओळखतो, नापास तुकडा लाल क्रेटमध्ये ढकलतो. कुठला चांगला, कुठला वाईट, हे त्याला शिकवायला ढीगभर फोटो लागले. ते निवडून दिले आक्कानं आणि तिच्या बायकांनीच. कॅमेरा वाईट नव्हता. दुपारी त्याला पेंग येत नाही.

"हुशार हाय मुडदा," आक्कासुद्धा म्हणाली. "पर दुसऱ्यांदा बघत न्हाई."

चौघींना काढायचं ठरतंय असं कळताच ती थेट मालकांच्या केबिनमध्ये गेली. "त्यो टाकील ते आमी परत बघू. चौघी नगं, दोघींचं काम द्या. आमी आळीपाळीनं करू." मालक दिवाळीपर्यंत करून बघायला तयार झाले. कॅमेऱ्याशेजारी टेबल लागलं. चौघी ताठ मानेनं कामाला यायला लागल्या.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. कुंकू मी लावायचं, ही जुनी रीत. नारळ फुटला, माणसं प्रसादाला पांगली. ताट धरून आक्का तेवढी माझ्यासोबत राहिली होती. कुंकू लावायचा फक्त कॅमेरा उरला होता. सवयीनं मी ओला अंगठा उचलला आणि टेकवला. नेमका काचेवर.

दसऱ्याची सुट्टी संपून पट्टा सुरू झाला, आणि कॅमेऱ्यानं सगळाच माल लाल क्रेटमध्ये ढकलायला सुरुवात केली. त्याला प्रत्येक तुकड्यावर डाग दिसत होता. गिऱ्हाइकाचा माणूस त्याच दिवशी आलेला. पुण्याहून इंजिनिअर बोलावला. त्यानं काच पुसली, लाल झालेलं फडकं मालकांना दाखवलं आणि म्हणाला, "कुणीतरी मुद्दाम केलंय."

मालकांनी बायकांकडे पाहिलं. "पूजेचं ताट कुणाकडं होतं?"

"माझ्याकडं," आक्का म्हणाली. एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी चष्मा पुसत उभा राहिलो. टेबल त्याच संध्याकाळी स्टोअरमध्ये गेलं आणि चौघी घरी.

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. खूप महिन्यांनी कळलं की आक्का इस्लामपुरात लेकीकडे असते, तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाते. बसनं गेलो. ती जेवणाच्या सुट्टीत भाकरीचं फडकं सोडत होती.

"आक्का, कुंकू मी लावलं होतं."

"म्हाईत हाय की. ताट कुणाच्या हातात हुतं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बोलून कोण ऐकणार? कामावरनं जाणारी बाई, थापा मारती म्हणले असते. तुमच्याकडं बघत हुते. सायेब आता बोलतील, आता बोलतील." तिनं अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "मालकास्नी सांगितलंसा?"

"नाही."

"मग बस धरून हितवर कशाला आलासा? मालक साताऱ्यात हायेत. भाकरी खावा आन जावा."

यंदाच्या खंडेनवमीला सगळे जमले, मालकांनी माझ्या हातात कुंकवाची वाटी दिली. मी ती धरून सगळ्यांसमोर सांगितलं. गेल्या वर्षी काचेवर कुंकू मी लावलं. आक्कानं नाही. मी गप्प बसलो.

मालक हळूच म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?"

"टेबल परत लावायचं. तिला बोलवायचं. तुम्ही शब्द दिला होता."

"बघतो," म्हणाले.

मी थांबलो नाही. स्टोअरमधून टेबल स्वतः ओढत आणलं, पुसलं, कॅमेऱ्याशेजारी लावलं आणि पहिलं कुंकू त्याला लावलं.

त्याच्यावर अजून कुणी बसलेलं नाही. इस्लामपूरला निरोप धाडलाय, आक्काचं उत्तर आलं, "मालकास्नी बोलवू द्या." मालकांनी दोनदा टेबल हलवायला सांगितलं.

मी हलवलेलं नाही.