गोडलिंबाचं मूळ

शेजारच्या घरात गोडलिंबाची फोडणी पडली की मला वैनगंगेच्या काठची ती जागा आठवते. नगरपालिकेनं बांधकाम सुरू होईपर्यंत ती आमच्या मोहल्ल्याला भाजीपाल्यासाठी दिली होती, पण जमिनीत काही रुजवायचं नाही या लेखी अटीवर. म्हणून सगळ्यांनी तेलाच्या रिकाम्या पिप्यांत माती भरून वांगी, मिरच्या लावल्या. आईनं गोडलिंब लावला. तीन वर्षांनी जागा खाली करायची नोटीस आली. जागा सोडायच्या दिवशी नदीवरून चिखलाचा वास येत होता. एकेक पिपा हातठेल्यावर चढला, आईचा मात्र जागचा हलेना. त्याचं बूड गंजून गेलं होतं आणि मूळ खाली जमिनीत उतरलं होतं. सरकारी नोकरीत जन्म घालवलेल्या बाबांनी विळा मागितला. "काहून कापता? राहू द्या ना इथंच," आई म्हणाली. "कागदावर सही माही हाय," म्हणत बाबांनी मूळ कापलं. घरी आणलेला गोडलिंब आठवड्यात वाळला. त्यानंतर आईनं फोडणीत गोडलिंब कधी टाकलाच नाही. ती जागा अजून रिकामीच पडली आहे. तिथून जाताना बाबा नदीकडे तोंड करून चालतात.