लग्नाच्या शूटिंगमधली माय

आमच्या घरात फॉर्म भरायचं काम माझं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं पीक विमा असो की गॅसची केवायसी, लिहायचं काही निघालं की ते माझ्याकडं यायचं. लग्न ठरलं तेव्हा बाकी सगळं काकांनी ठरवलं आणि शूटिंगवाला निवडायचं तेवढं माझ्यावर सोडलं. तू शिकलेली आहेस, तुला त्यातलं कळतं, असं ते म्हणाले. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पण माझ्या लग्नातली एवढी एकच गोष्ट मला विचारली गेली होती, म्हणून मी हो म्हणाले.

मी तेव्हा नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. गाव हदगाव तालुक्यात, सासर लातूरचं. वडील मी सातवीत असताना गेले. त्यानंतर मला आणि माझ्या भावाला काकांनीच वाढवलं, आणि कशातच कमी केलं नाही. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून त्यांचा दोष आहे असं कुणाला वाटू नये.

कन्यादानाला काका-काकू बसणार, हे कुणी न बोलताच ठरलं होतं. आमच्याकडं नवरा गेलेली बाई त्याला बसत नाही, हळद लावत नाही, अक्षतांच्या वेळी स्टेजवर जात नाही. तिला कुणी जाऊ नको म्हणत नाही. ती आपणहूनच बाजूला होते. घरातल्या प्रत्येक लग्नात माय मंगल कार्यालयाच्या कोठीत असायची. नारळ, टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, सगळं तिच्या ताब्यात. माझ्या लग्नातही ती तिथंच असणार हे मला माहीत होतं. ते बदलायची माझ्यात धमक नव्हती. शूटिंगमध्ये तरी ती नीट दिसावी, एवढंच मला वाटत होतं. तेवढं माझ्या हातात होतं.

आधी काका मला हदगावात बसस्टँडजवळच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेले. दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान चाचांचं. आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यांनीच शूट केलेली. त्यांनी टीव्हीवर एक लग्न लावून दाखवलं. नवरा-नवरीच्या फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, मग दोघं एका फिरत्या बदामात जाऊन बसत होते. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. होणाऱ्या नणंदेनं मला मोबाइलवर पाठवलेले व्हिडिओ वेगळे होते. त्यात वरून दिसणारा मंडप होता, धूर होता, हळू चालणारी नवरी होती.

चाचांनी तारीख विचारली, कार्यालय विचारलं. मग वहीतून मान वर करून म्हणाले, "माय कुठं बसनार, बेटा?"

मी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "तिचं काय, ती आतच असती. कोठीवर."

चाचांनी मान हलवली. "हाव. मंग मी सकाळीच येतो. आधी मायला घेतो, मंग नवरीला. एकदा मंडप भरला की आतलं मानूस सापडत न्हाई."

काका बरं म्हणाले. मला पाहिजे होतं तेच तो माणूस न सांगता बोलला होता, आणि मला मात्र काकांसमोर तो विषय निघाला याचंच ओशाळं वाटत होतं. बाहेर आल्यावर मी काकांना म्हणाले की हे जुन्या पद्धतीचं आहे, लातूरच्या लोकांना आवडणार नाही. काका म्हणाले, तुझी मर्जी.

नंतर नांदेडला मैत्रिणीला घेऊन मी एका मोठ्या स्टुडिओत गेले. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर टीव्ही. काउंटरवरचा मुलगा मला मॅडम म्हणाला. तोपर्यंत मला कुणी मॅडम म्हणालं नव्हतं. त्यानं दाखवलेला व्हिडिओ खरंच सुंदर होता. बघता बघता मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिथंच माझं ठरलं. माय कशी दिसेल हा प्रश्न मी त्याला विचारायला हवा होता. मी ड्रोनचं विचारलं.

त्यानं माझ्या मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. शूटिंगच्या दिवशी येणारी माणसं वेगळी असतात, एडिटिंग करणारा वेगळा, म्हणून सगळं फॉर्ममध्ये पाहिजे, असं तो म्हणाला. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आवडती गाणी. मग कन्यादानाला कोण बसणार. तिथं मी काका-काकूंची नावं लिहिली, कारण तेच बसणार होते. फॉर्ममध्ये विचारलेलंच लिहायचं, ही मला लागलेली सवय. खाली खास व्यक्तींसाठी पाच ओळी होत्या. त्यांत आजोबा, मामा, भाऊ, चुलतबहीण आणि शेवटी ती मैत्रीण, अशी नावं मी भरली. हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून पाच मिनिटांत फॉर्म पाठवून दिला.

मायचं नाव मी का लिहिलं नाही, याचा मी फार विचार केला आहे. आई कोण हे काय लिहून सांगायचं, असं तेव्हा वाटलं असेल. पण चाचांनी तर मला तो प्रश्न समोर बसून विचारला होता. म्हणजे मी विसरले असंही म्हणता येत नाही. खरं काय ते मला अजून सांगता येत नाही.

लग्न नीट पार पडलं. स्टेजवरून मी दोन-तीनदा कोठीच्या दाराकडं बघितलं, पण मध्ये माणसं होती आणि कॅमेरावाला सारखा मान वर करा म्हणत होता. निघताना माय भेटली. तिनं माझ्या हातात दही-साखरेची वाटी दिली आणि एसटीत बसवून देताना सांगते तसं सांगितलं, पोचल्यावर फोन कर.

दीड महिन्यानं पेनड्राइव्ह लातूरला आला. सासरी सगळे टीव्हीसमोर बसलो. सुरुवातीला वरून दिसणारा मंडप आला आणि सासूबाई छान म्हणाल्या. मग कन्यादान आलं. माझ्या हातावर काकूंचा हात, वरून पाण्याची धार, काकू पदरानं डोळे पुसतात, हे सगळं अगदी हळू. आणि त्यावर सोनेरी अक्षरांत लिहून आलं, आईबाबांची लाडकी. फॉर्ममध्ये जी जोडी होती तिला एडिटिंग करणाऱ्यानं माझे आईवडील केलं होतं. पुढं पाठवणीतही काकूच, शेवटच्या फोटोतही काका-काकूच.

नणंदेनं सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या आई कुठंच दिसल्या न्हाईत?"

मी म्हणाले, कामात होत्या. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि चहा टाकते म्हणून उठल्या.

गावाकडं भावानं मायला ते स्टुडिओच्या लिंकवरून मोबाइलवर आधीच दाखवलं होतं. फोनवर ती म्हणाली, लई झकास निघालं, काकूच्या साडीचा रंग तर किती खुलला. सोनेरी अक्षरं तिनं वाचली का, हे मी विचारलं नाही. माय सावकाश वाचते, पण वाचते.

पुढच्या आठवड्यात मी बसनं नांदेडला गेले आणि स्टुडिओतून न कापलेलं सगळं शूटिंग मागून घेतलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ती ओळ दुरुस्त करून देतो, पण फॉर्ममध्ये तुम्हीच तसं दिलं होतं. ते खरंच होतं. लातूरला आल्यावर मी चार दिवस नवऱ्याच्या लॅपटॉपवर ते बघत बसले. इतक्या तासांत माय मला चारदा सापडली. एकदा ताटं पुढं करणारा तिचा हात. एकदा पाठ. पाठवणीत माणसांच्या खांद्यांमागं नुसता पदर.

चौथं अगदी सुरुवातीचं होतं. सकाळी मंडप रिकामा असताना कॅमेरावाला उजेड बघत कोठीत शिरला होता. माय खाली बसून नारळांना हळदीकुंकवाची बोटं लावत होती. तिला लावायचं नसलं तरी नारळांना तीच लावत होती. त्यानं हाक मारली, "मावशी, इकडं बघा."

तिनं बघितलं आणि पदर पुढं ओढला. "मला नको घेऊ बाबा. तिकडं मंडपात जा."

"तुम्ही नवरीच्या कोण?"

मायनं हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "घरचीच हाय मी."

त्यानं कॅमेरा वळवला. त्याच्याकडच्या यादीत तिचं नाव असतं, तर त्याला विचारावंच लागलं नसतं.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तेवढा तुकडा मोबाइलमध्ये घेऊन गेले. दाखवावा की नाही हे एसटीत ठरलं नाही, घरी गेल्यावरही ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माय दारात तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि मोबाइल तिच्या हातात दिला. म्हणाले, "माय, फॉर्ममध्ये मी तुझं नाव लिहिलं नव्हतं."

तिनं हात पदराला पुसले आणि बघितलं. बघून झाल्यावर म्हणाली, "शुभकार्यात कशाला सांगायचं. मोकळं कपाळ ते." मग म्हणाली, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. नारळ आले, तिची बोटं आली, मावशी इकडं बघा आलं. तिनं वर बघितलं तिथं ती जरा हसली. शूटिंगमधली माय घाबरलेली होती, ही हसली. तो माणूस प्रश्न विचारणार, त्याच्या आधीच तिनं स्क्रीनवर हात ठेवला.

"पुढचं मला ठावं हाय," म्हणाली, आणि मोबाइल माझ्याकडं देऊन तूर निवडायला लागली.